एका ताटात जेवणारे

गेल्या वर्षी भाद्रपदात गावाहून माझ्या पुतण्याचा फोन आला. म्हणाला, ''चाचा, ओढ्याकडच्या दोन एकरांत यंदा ज्वारी पेरू का मका लावू? तुम्ही काय म्हणता?'' मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो आणि नोकरीच्या मागे शहरात आलो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. माझ्या सल्ल्याने कुणी पेरणी करावी अशी माझी योग्यता नाही आणि हे त्यालाही ठाऊक आहे. जमिनीत माझाही वाटा आहे म्हणून रीत पाळायची, एवढाच त्याचा हेतू. मी म्हटलं, ''ज्वारीच पेर की.'' तो हसला. ''खायला कोण बसलंय ज्वारी? आणि काढायला माणूस कुठाय? मका लावतो, हिरवा कापतो आणि मुरघास घालतो. दावणीला चार गाई आहेत.''

त्याने मका लावला. कणसं भरली, दाण्यात दूध उतरून तो घट्ट व्हायला लागला, तेव्हा ताटासकट, पानासकट, कणसासकट सगळं पीक कापून त्याची कुट्टी झाली. दोन एकर धान्याचं पीक, पण त्यातला एक दाणाही माणसाच्या तोंडी गेला नाही. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. दर आठवड्याला दुधाचा पैसा येतो, त्यावर त्याची दोन मुलं शिकतात. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. आपल्याकडे धान्याचं पीक जनावरासाठी पेरणं हे नवीन आहे का? विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आलं, की नवीन नाही. सोलापूर, नगर, बीड, विजापूर या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने ज्वारी कधीच फक्त माणसासाठी पेरली नव्हती. नवीन आहे ती दोघांची झालेली फारकत.

आपल्या भाषेत 'ताट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. जेवायचं ताट आणि ज्वारीचं ताट. व्याकरणवाले सांगतील की हे शब्द वेगळे. असतील. पण आमच्याकडे या दुसऱ्या ताटावरच दोघं जेवत होते. शेंड्याचं कणीस माणसाचं आणि खालचं सगळं बैलाचं.

ज्यांनी रब्बी ज्वारीची काढणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भीमा, माण, सीना या नद्यांच्या काठची काळी जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची. पुढे पाऊस आला तर आला, नाही तर जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर ती वाढते. माघ-फाल्गुनात ती काढायची. कापायची नाही, मुळासकट उपटायची. काळ्या भेगाळलेल्या रानातून माणसापेक्षा उंच ताट हाताने उपटणं म्हणजे काय, हे तळहात फुटल्याशिवाय कळत नाही. मग बायका बसून कणसं मोडायच्या. कणसं खळ्यावर आणि ताटं पेंढीत बांधली जायची. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. रानातच पेंढ्या उभ्या करून बुचाडं लावायची, वाळल्या की गाडीत भरून घरी आणायच्या आणि गंज रचायची. शेकडेवारीने मोजायचं, शेकडेवारीने विकायचं. गंज इतकी बेताने रचत की वळवाचा पाऊस वरून निथळून जावा, आत शिरू नये. लग्नाची मुलगी असणारा बाप मुलाकडचं घर बघायला गेला की आधी परड्यातली गंज बघायचा. गंज मोठी असली की दावण भरलेली असणार आणि दावण भरलेली असली की पोरगी उपाशी राहणार नाही, हा साधा हिशोब होता.

आमचं घर मुलाण्याचं. गावगाड्यात मुलाण्यालाही खळ्यावर हक्क असायचा. माझे आजोबा सुगीत खळ्याखळ्यावर जात. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हेही येत. पायलीने ज्वारी मिळे, तशा काही पेंढ्याही मिळत. कारण ज्याच्या घरी शेरडं असतील, एखादी म्हैस असेल, त्याला नुसता दाणा देऊन भागत नाही, हे देणाऱ्याला कळत होतं. बलुतं हे काही न्यायाचं राज्य नव्हतं. कुणाला मानाने मिळे, कुणाला लांबून फेकल्यासारखं मिळे. ते विसरून मी त्या व्यवस्थेचे गोडवे गाणार नाही. पण पीक म्हणजे दाणा आणि वैरण दोन्ही, हे त्या मोजमापात धरलेलं होतं.

ही ज्वारी मूळची आपली नव्हे. ती आफ्रिकेची. पूर्व सुदानात सापडलेल्या खापरांवर उमटलेल्या ज्वारीच्या ठशांवरून २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की तिथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ज्वारी माणसाळवली जात होती. तिथून ती समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली. अरबी भाषेत ज्वारीला 'धुरा' म्हणतात. हा शब्द एका विषाच्या नावात जाऊन बसला आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर ते फुगतं, थरथरतं आणि बघता बघता आडवं होतं. आपले गुराखी याला 'किराळ लागणं' म्हणत. १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतलं ते द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'धुरिन' असं नाव दिलं. त्यातून पोटात प्रुसिक आम्ल तयार होतं. ताट पक्व झालं, वाळलं की हा धोका सरतो. कडबा वाळवून मगच घालायचा, ही रीत या अनुभवातूनही पक्की झाली असणार.

वैरणीचा इतिहास आपण फारसा वाचत नाही. आपण लढायांचा इतिहास वाचतो. पण घोडा आणि बैल यांच्याशिवाय लढाई नव्हती आणि वैरणीशिवाय घोडा-बैल नव्हते. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या अंमलदारांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा, नाही तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, असं त्यात बजावलं आहे. तसं झालं तर तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून दाणा, भाकरी, गवत, भाजी ओढून आणाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा इशारा त्यात आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून रात्री दिवे घरात ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत काळजी आहे. तिथली वैरण कोकणातल्या गवताची, कडब्याची नव्हे. पण वैरण संपली की राज्यकर्ता आणि रयत यांच्यातला विश्वासही संपतो, हे ज्याला समजलं त्याला राज्य करणं समजलं.

पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत मोहिमेवर आला. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांच्या बरोबरीने बैल आणि वैरण यांचीच चिंता पुन्हापुन्हा येते. इंग्रजांचं राज्य स्थिरावल्यावर त्यांनी जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियरं लिहिली, तेव्हा 'कडबी' हा आपला शब्द त्यांनी तसाच उचलला. भाषांतर केलं नाही, कारण त्यांच्याकडे ही वस्तूच नव्हती.

मग १८७६ साल आलं. पाऊस गेला आणि पुढची दोन वर्षं दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. सोलापूरला रेल्वे पोचून तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. रेल्वेने धान्य येऊ शकत होतं आणि येतही होतं. पण स्टेशनापासून गावापर्यंत ते नेणार कोण? बैलगाडी. आणि बैलाला खायला काय? ज्वारी गेली होती, म्हणजे कडबाही गेला होता. दाण्याचं पोतं शंभर कोसांवरून आणता येतं. कडबा वजनाला हलका आणि जागेला भारी. तो लांबून आणणं परवडत नाही. म्हणून वैरणीचा दुष्काळ हा नेहमी त्या गावचा, त्या परड्यातला दुष्काळ असतो. शिवाय मेलेला माणूस परत येत नाही हे खरं, पण मेलेला बैलही पुढच्या वर्षी औताला येत नाही. पाऊस परत आला तरी नांगर चालायला बैल नाही. एक दुष्काळ असा तीन वर्षं पुरतो.

याच सुमारास, १८७८ च्या कायद्याने सरकारचा जंगलांवरचा ताबा आणखी घट्ट झाला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी जंगलखात्यावर जो राग काढला आहे, तो गुरं चारण्याची रानं आणि गायरानं हिरावली गेल्याबद्दलचा आहे. चराई जसजशी आटली तसतसा परड्यातल्या गंजीवरचा भार वाढला. ज्वारीच्या ताटाची किंमत वाढली ती अशी.

एक योगायोग सांगतो. आपल्याकडे दुष्काळ ऐन भरात होता त्याच १८७७ साली फ्रान्समध्ये ओग्युस्त गोफार नावाच्या शेतकऱ्याचं एक पुस्तक प्रसिद्ध झालं. हिरवा मका कापून, बारीक करून, खड्ड्यात दाबून, हवा लागू न देता महिनोन्‌महिने कसा टिकवायचा, हा त्याचा विषय. आजचा आपला मुरघास तो हाच. तिथल्या जनावराचा वैरी हिवाळा होता. या विद्येचा मान पुढे इतका वाढला, की १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक फिनलंडच्या विर्तानेन यांना मिळालं, ते मुख्यतः वैरण टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल. वैरणीला नोबेल मिळू शकतं, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल!

आपल्याकडे मोहोळच्या शेती संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात एक मोठं काम झालं. गावोगावच्या मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण तयार झालं. उंच ताट, पांढरा मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावर चवीने खाईल असा कडबा. निवडणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या मनातली दोन्ही पारडी सांभाळली होती. म्हणूनच हे वाण पुढे अनेक दशकं रब्बीच्या रानावरून हटलं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती मालदांडीच.

१९६४ मध्ये 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. धान्याची टंचाई होती. देशाला दाणा हवा होता आणि तिने दाणा भरपूर दिला. तिला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्या काळात तिने पोटं भरली हे विसरता येत नाही. मात्र ती बुटकी होती. खरिपात पावसात सापडली की दाणा काळा पडे. गावात 'हायब्रीड' हा शब्द तेव्हापासून थट्टेचा झाला. एखादं पोरगं नुसतंच फोफावलेलं, अंगात जोर नसलेलं असलं की त्याला 'हायब्रीड' म्हणत. खरिपात लोकांनी ती स्वीकारली. रब्बीत मात्र सोलापूरकडचा शेतकरी मालदांडी सोडायला तयार झाला नाही. त्याला अडाणी म्हणणारेही होते. पण तो काय मोजत होता ते त्यांना दिसत नव्हतं. पाऊस दगा देतो तेव्हा कणीस भरत नाही, तरी ताट उभं राहतं. दाणा गेला तरी वैरण हाती लागते आणि बैल वाचतो. बैल वाचला तर पुढचं साल वाचतं. उंच ताट हा त्याचा विमा होता आणि त्याचा हप्ता तो कमी दाण्याच्या रूपाने भरत होता.

१९७२ च्या दुष्काळात हा विमाही पुरला नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, त्यामुळे मला आठवतं ते अम्मीने सांगितलेलं. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. मिलो म्हणजे ज्वारीच, पण अमेरिकेत ती पिकवतात मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. तिकडच्या गुरांचा दाणा इकडे माणसं खात होती आणि इकडच्या गुरांना काहीच नव्हतं. अब्बा खडी फोडायला दुष्काळी कामावर जात. गंज संपली. मग आमच्या सोप्यावर जे छप्पर होतं त्याचं जुनं काड अब्बांनी ओढून काढलं आणि बैलांपुढे टाकलं. एका बैलाने ते खाल्लं, दुसऱ्याने नुसतं हुंगलं. पुढच्या बाजारी अब्बा दोघांनाही घेऊन गेले आणि रात्री एकटे परत आले. हातात दोन्ही दावी होती. अम्मी सांगायची, ''किती आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.'' पाऊस आल्यावर दुसऱ्याचे बैल भाड्याने आणून पेरावं लागलं. घरची जोडी व्हायला पुढे सहा वर्षं लागली.

त्यानंतरचं आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले आणि भाकरीच्या जागी चपाती आली. कालवा आला तिथे ऊस आला. ज्वारी उपटायला मजूर मिळेना. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी होती, ती आता वीस लाखांच्या आत आली आहे. ज्वारीचं रान गेलं, तेव्हा आपण म्हटलं, भाकरी महाग झाली. गंज गेली ती कुणाच्या ध्यानात आली नाही. संकरित गाय मात्र दारात आली होती आणि तिला रोज पोटभर वैरण हवी होती. उसाचे वाढे घातले, तर त्यातल्या ऑक्झॅलेटने तिच्या अंगातला चुना बांधला जातो. म्हणून मग दाट पेरलेली ज्वारी, म्हणजे कडवळ, फुलोऱ्यात कापून घालायची. त्यासाठी 'रुचिरा', 'फुले अमृता' अशी खास वाणंही निघाली. आणि आता मक्याचा मुरघास. बारीक कुट्टी, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबायची, दीड महिना हवा लागू द्यायची नाही. उघडल्यावर आंबूस-गोड वास येतो. गाई तुटून पडतात. मी तो वास घेतला आहे. वाईट नाही.

मग बिघडलं कुठे? २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा ते कळलं. लाखो जनावरं घरदार सोडून छावणीत आली. त्यांच्याबरोबर माणसंही महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली राहिली. तिथल्या बहुतेकांच्या परड्यात एके काळी वर्षाची गंज असायची. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. शहरात ज्वारीची बिस्किटं आली, तिच्या गुणांवर व्याख्यानं झाली. त्याच वर्षी पाऊस कमी झाला आणि ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. ज्वारीच्या त्या वर्षभराच्या कौतुकात कडबा हा शब्द मी तरी कुठे ऐकला नाही.

हमीभाव दाण्याला असतो. पीक कापणीच्या प्रयोगात वजन होतं ते दाण्याचं. आणेवारी ठरते दाण्यावर. बाजाराला मात्र कडबा कळतो. हैदराबादच्या वैरण बाजाराचा अभ्यास २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तिथले व्यापारी ज्वारीच्या वेगवेगळ्या कडब्याला गोडी आणि पाला पाहून वेगवेगळा भाव देतात, असं त्यात दिसून आलं. जे गवळ्याला आणि व्यापाऱ्याला समजतं, ते आपल्या सरकारी वहीत लिहायला हरकत नसावी. ताटाची दोन्ही टोकं मोजली, काढणीला चांगलं यंत्र मिळालं, तर ज्वारी इतकी तोट्याची दिसणार नाही.

माझा पुतण्या चुकत नाही, हे मी पुन्हा सांगतो. त्याच्या विहिरीला पाणी आहे तोवर मुरघास त्याच्या गाईंना पोसेल. पण रब्बीच्या मक्याला चार-पाच पाणी लागतात. ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते. भाद्रपदात तो पुन्हा विचारील, ''चाचा, ज्वारी का मका?'' तेव्हा मी त्याला भाकरीच्या चवीच्या गोष्टी सांगणार नाही. मी एवढंच विचारणार आहे, ''विहीर आटली त्या साली गाईपुढे काय टाकशील?'' आमच्या सोप्यावर आता छप्पर नाही. पत्रे आहेत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)